पायाशी पडलेल्या पुंगळ्या

१

रायफल अडकली, आणि तीही नेमकी पाहुण्यांच्या देखत.

पाहुणे म्हणजे वनखात्याचे अधिकारी. रानात दिवसदिवस पायपीट करणाऱ्या रक्षकांसाठी त्यांना एक हलकी, अर्धस्वयंचलित रायफल हवी होती. चाप दर गोळीला ओढायचा, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि नवं काडतूस आत घ्यायचं काम रायफलीने आपलं आपण करायचं. कारखान्याने तशी रायफल बनवलीही होती. सकाळी ती शहाण्या मुलीसारखी वागली. जेवणानंतर कारखान्याचे जुने नेमबाज, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी ती पाहुण्यांसमोर खांद्याला लावली आणि चार गोळ्या होतात न होतात तोच पुंगळी ती बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकली. उस्तादांनी ती बोटाने काढून टाकली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतले वयस्कर गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले, "उद्या सकाळी परत बघू," आणि मंडळी विश्रामगृहावर निघून गेली. त्यांच्या मोटारी फाटकाबाहेर पडल्या आणि मोठ्या साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. सकाळी चालणारी वस्तू दुपारी बिघडते, म्हणजे मधे कोणीतरी तिला हात लावला. जेवणाच्या सुट्टीत रायफल जुळणीच्या खोलीत कुलपात होती. किल्ली होती ती रायफल जोडणाऱ्या ताईकडे. झालं! साहेबांनी भर अंगणात, सगळ्यांसमोर, ताईकडून किल्ली काढून घेतली आणि तिला आपल्या खोलीबाहेर एका खुर्चीवर बसवून ठेवलं.

मग त्यांनी तक्रारबाईंना बोलावलं.

तक्रारबाईंचं काम नावाप्रमाणेच होतं. कारखान्यातून गेलेला फवारणीचा पंप असो की शिवणयंत्र, मोडून परत आलं की ते त्यांच्या टेबलावर येई. गिऱ्हाइकाने केलेली आरडाओरड बाजूला काढायची आणि वस्तू का मोडली ते शोधायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि त्याचं त्यांना जराही दुःख नव्हतं. अंगाने गुटगुटीत, स्वभावाने निवांत. घरी नवरा स्वयंपाक बघतो आणि आपण मोडकी यंत्रं बघतो, यापेक्षा माणसाला आणखी काय हवं, असं त्या उघड म्हणत.

"संध्याकाळपर्यंत मला माणूस हवा," साहेब म्हणाले. "नाहीतर पोलिसांना बोलावतो. आणि पहिलं नाव बाहेर बसलीय तिचं सांगतो."

२

ताई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. येणाराजाणारा तिच्याकडे बघे आणि मग बघितलंच नाही असं दाखवी. ते तिला जास्त लागत होतं.

तक्रारबाई शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "जेवलीस का गं?"

"घास उतरेल का बाई?" ताईचे डोळे भरून आले, पण तिने ते पडू दिले नाहीत. "माझ्या मुलीची शाळा समोरच आहे. सुटली की ती फाटकाशी येऊन उभी राहते. तिला काय दिसणार? आईला शिक्षा केलीय. मी कधी एक स्क्रू घरी नेला नाही हो."

"माहीत आहे मला. मला फक्त सुट्टीतलं सांग. कुलूप तूच लावलंस?"

"मीच. ओढूनही बघितलं."

"आणि किल्ली?"

ताई गप्प झाली. तक्रारबाईंना असल्या गप्प बसण्याची सवय होती. शिवणयंत्र आपटणारी गिऱ्हाइकंसुद्धा ते सांगण्याआधी असाच वेळ घेत.

"तू नाही सांगितलंस तर तुझं नाव जाईल."

"आणि सांगितलं तर त्यांचं जाईल," ताई हळूच म्हणाली. "मामांनी मागितली होती. पाचच मिनिटं, म्हणाले. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

तक्रारबाई भिंत सोडून सरळ उभ्या राहिल्या. कारण ही रायफल ज्याच्या हातची होती तो मामांचा सख्खा भाचा होता, आणि तिच्यापायी ज्यांची रायफल मागे पडली होती ते स्वतः मामा होते.

३

मामा कारखान्यातले सगळ्यात जुने आरेखक. त्यांचं आयुष्य एका गोष्टीवर विश्वास ठेवण्यात गेलं होतं. गोळीमागचा थोडासा वायू बाजूला वळवायचा आणि त्याच्या जोरावर रायफलीचं आतलं काम करून घ्यायचं. भाच्याने ते सोडून दुसराच मार्ग धरला. त्याच्या रायफलीत गोळी सुटली की धक्क्याने नळीच थोडी मागे सरकते आणि तेवढ्या सरकण्यावर पुंगळी बाहेर, काडतूस आत. भाग कमी, वजन कमी. साहेबांनी भाच्याची रायफल निवडली तेव्हा मामांनी सगळ्यांना चहा पाजला होता. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा होता.

"हो, गेलो होतो," तक्रारबाईंनी विचारताच ते म्हणाले. "चोरून बघायला गेलो होतो. सगळ्यांसमोर बघितली असती तर लोक म्हणाले असते, म्हातारा जळतोय."

"जळत नव्हता?"

"जळत होतो की! पण हातात घेतली आणि..." मामांनी आपल्या रिकाम्या तळहातांकडे पाहिलं. "कागदासारखी हलकी केलीय गाढवाने. मला साधलं नव्हतं ते. कौतुक वाटलं, राग आला, परत कौतुक वाटलं. ठेवली आणि आलो. त्या पोरीला माझ्यासाठी बसवून ठेवलंय हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. चला, मी साहेबांना सांगतो."

"सांगाल. पण आधी बसा. तुम्ही सांगितलंत तर साहेब तिला सोडून तुम्हाला बसवतील, त्याने रायफल थोडीच चालणार?"

भाचा आपल्या टेबलाशी रायफल उघडून बसला होता. डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होता.

"काय झालं खांद्याला?"

"सकाळी किती गोळ्या झाडल्या! काळानिळा झालाय. हलकी आहे ना, लाथ मारते." त्याने एक स्प्रिंग पुढे केली. "नळी परत पुढे आणणारी ही. कोणी बदलली असेल तर हीच, असं साहेबांना वाटतंय. मी मोजली. माझीच आहे, जशी होती तशीच. काडतुसंही त्याच पेटीतली. कुठे घासल्याची खूण नाही, कुठे कचरा नाही." मग तो खाली बघून म्हणाला, "मामा आत गेले होते हे मला माहीत आहे. खिडकीतून दिसले. त्यांनी काही केलं असेल तर ते शोधू नका. रायफल पडली तर पडू दे. मी दुसरी करीन. दुसरा मामा कुठून आणू?"

तक्रारबाईंना त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण तो इंजिनियर होता, त्यामुळे त्यांनी स्वतःला आवरलं.

"मामांनी काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या, "तुझ्या स्प्रिंगेनेच ते सांगितलं."

बाहेर आल्यावर मात्र त्या बोटांवर मोजू लागल्या. कुलूप ठीक, स्प्रिंग ठीक, काडतुसं ठीक, माणसंही ठीक. मग ठीक नव्हतं ते काय?

४

गोळीबाराच्या आवारात गर्दी होऊ देऊ नका असं साहेबांनी उस्तादांना सांगितलं होतं, झाडूसुद्धा फिरवायचा नाही म्हणून बजावलं होतं. तक्रारबाई आत शिरल्या तेव्हा उस्ताद एकटेच बसून होते.

उस्ताद म्हणजे कारखान्याची शान. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. गोळीबाराचा जाड कोट त्यांनी मागच्या खुंटीला टांगला होता. तो उजवीकडे जरा फुगल्यासारखा, तिरका लोंबत होता. त्यांच्या कोटाला दुसऱ्याने हात लावायचा नाही हा तिथला अलिखित नियम होता, म्हणून बाईंनीही लावला नाही.

"लाज गेली," उस्ताद म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या हातात बंदूक अशी कधी रुसली नव्हती."

"पाणी मिळेल का थोडं?"

त्यांनी माठातून पेला भरून डाव्या हाताने पुढे केला आणि उजवा हात मांडीवरच राहू दिला. बाई पाणी प्यायल्या आणि जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. झाडायच्या जागी अंथरलेल्या चटईभोवती रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या. काही चटईवर, काही कडेला. दूर, उजव्या भिंतीच्या पायथ्याशी, आणखी बऱ्याच होत्या.

"एवढ्या लांब कोणी लाथाडल्या या?"

"लाथाडतंय कोण! त्या सकाळच्या, भाच्याच्या. रायफलीनेच फेकल्या. तो इथेच, याच चटईवर उभा होता. माझ्या बिचाऱ्या इथेच पडल्या, पायाशी."

"ज्या अडकल्या त्या?"

"अडकलेल्या तर मी हाताने काढल्या, त्या डब्यात आहेत. या न अडकलेल्या."

तक्रारबाई वाकल्या आणि एक पुंगळी उचलून बघत राहिल्या. अडकलेल्या पुंगळ्यांचा सगळ्यांनीच विचार केला होता. न अडकलेल्यांकडे कोणी बघितलं नव्हतं. म्हणजे दुपारी रायफल मधूनच बिघडत नव्हती. ती पहिल्या गोळीपासूनच दमलेली होती. कशीबशी पुंगळी बाहेर टाकत होती आणि तेवढंही जमलं नाही की अडकत होती.

तीच रायफल, तीच स्प्रिंग, तीच चटई. सकाळचा तिचा जोर दुपारी गेला कुठे?

५

उत्तर सुचेना तेव्हा तक्रारबाई आपल्या खोलीत जाऊन बसल्या. चहा मागवावा असं त्यांच्या मनात होतं. टेबलाचा वरचा कप्पा उघडाच होता, तो त्यांनी बसल्या बसल्या ढकलला. कप्पा जुना, लाकूड फुगलेलं. तो तसूभर हलला आणि बाईच खुर्चीसकट मागे घरंगळल्या. खुर्चीला चाकं होती.

त्यांनी पुन्हा पुढे येऊन ढकलला, जरा चिडून. कप्पा जागेवर, बाई मागे.

मग त्यांनी दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले आणि ढकलला. खट्कन बंद झाला.

तक्रारबाई त्या बंद कप्प्याकडे बघत राहिल्या. मग चहा हवा का विचारायला आलेल्या माणसाला "नको, नंतर," म्हणाल्या. त्यांच्याबाबतीत हे असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

६

"उस्ताद," त्या आत शिरताच म्हणाल्या, "मी एक विचारते. इथे दुसरं कोणी नाही. खरं नाही सांगितलंत तरी मी कोणाला काही बोलणार नाही. पण बाहेर ती पोर बसलीय, म्हणून विचारते. खांदा कधीपासून दुखतोय?"

उस्तादांनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. 

"हिवाळ्यापासून," ते म्हणाले. "डॉक्टरकडे गेलो तर इथून उठवतील. मग मी काय करू घरी? घरात भाजी निवडू? बायकोला दया आली. तिने जुन्या गादीचा कापूस काढून कोटाच्या आत मऊ उशी शिवून दिली. चांगली बोटभर जाड. परवाच दिली. आजच पहिल्यांदा घातली." मग त्यांनी मान वर केली. "पण त्याचा रायफलीशी काय संबंध? आयुष्यभर बंदुका झाडल्या. खांद्यावर मऊ असलं काय, कडक असलं काय, बंदुकीला काय त्याचं?"

"तुमच्या आजवरच्या बंदुकांना नव्हतंच. त्यांच्या नळ्या जागच्या हलत नव्हत्या. हिची हलते."

बाईंनी खुर्चीचं आणि कप्प्याचं सांगितलं. नळीने मागे सरकायचं तर रायफलीचं बाकीचं अंग जागेवर राहिलं पाहिजे. भाच्याने ते इतकं हलकं केलं की ते स्वतःच्या वजनावर जागेवर राहीना. त्याला मागून खांद्याचा आधार लागतो. भाच्याने सकाळी आपला हाडाचा खांदा दिला. खांदा काळानिळा झाला, पण पुंगळ्या भिंतीपर्यंत गेल्या. दुपारी मागे कापूस आला. नळीबरोबर सगळी रायफलच कापसात शिरली, आणि आतल्या कामाला धक्का पुरला नाही.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. खांदा, नोकरी, डॉक्टर, यांतलं ते काहीच बोलले नाहीत.

"म्हणजे त्या पोरीला माझ्या उशीपायी बाहेर बसवलंय?"

आणि कोट उचलून ते ताडताड निघाले सुद्धा. तक्रारबाईंना त्यांच्यामागे अक्षरशः धावावं लागलं.

७

साहेब, मामा, भाचा, ताई, सगळे आवारात जमले. उस्तादांनी सगळ्यांसमोर आपल्या खांद्याचं सांगून टाकलं, एका दमात. मग कोट घालून रायफल खांद्याला लावली. पुंगळ्या पायाशी पडत गेल्या, आणि लवकरच एक खिडकीत अडकली. उस्तादांनी कोट काढला. आता मामा पुढे झाले. "तुमचा खांदा राहू द्या, माझा घ्या," म्हणाले, आणि साध्या सदऱ्यावर रायफल घट्ट दाबून त्यांनी सगळं मॅगझीन रिकामं केलं. पुंगळ्या टणटण भिंतीवर आपटल्या. एकही अडकली नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे रायफल चांगलीच आहे! कोणी काही केलंच नाही! उद्या पाहुण्यांसमोर मामा झाडतील. उशीबिशी काही नको. विषय संपला."

भाच्याचाही चेहरा उजळला होता. तो क्षणभरच.

"विषय संपला कसा?" मामा खांदा चोळत म्हणाले. "थंडीत रानातला रक्षक जाड कोट घालणार नाही? झाडाला टेकून, अर्धवट बसून, घाईघाईत झाडणार नाही? समोर डुक्कर धावून आलं तर त्याला काय सांगेल, थांब रे, मला खांदा नीट लावू दे?"

भाचा आपल्या रायफलीकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "दोषी कोण ते साहेबांना सांगा ना."

"मी कशाला सांगू? तुला कळलंय."

"मीच," भाचा म्हणाला. "रायफल हलकी केली, आणि कमी केलेलं वजन माणसाच्या खांद्याकडून उसनं घेतलं. ज्याचा खांदा चांगला त्याच्याच हातात ती चालते. अशी रायफल मी कोणाच्या हातात देणार नाही. उद्या पाहुण्यांना मी हेच सांगणार."

साहेब काहीतरी बोलणार होते. पण भाच्यामागे मामा उभे राहिले, मामांमागे उस्ताद, आणि तिघांच्या मागे तक्रारबाई, ज्यांना ओलांडून जाणं तसंही सोपं नव्हतं. साहेबांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने पाहुण्यांना सगळं खरं सांगितलं, कापसाच्या उशीसकट. वयस्कर गृहस्थ बराच वेळ तो कोट हातात घेऊन बघत राहिले. "आमची माणसं थंडीत याहून जाड घालतात," ते म्हणाले. "तुम्ही आज ही अशीच दिली असतीत तर आम्हाला रानात कळलं असतं. दुरुस्त करा. आम्ही थांबतो." मग उस्तादांकडे वळून म्हणाले, "आणि पुढच्या चाचणीला हाच खांदा हवा. डॉक्टरला दाखवा, पण नोकरी सोडू नका." उस्तादांनी त्यांना जी सलामी ठोकली ती उजव्या हातानेच ठोकली, आणि ती दुखली असणार.

दुपारपर्यंत मामा आणि भाचा एकाच टेबलावर वाकून भांडत होते. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात थोडं वजन परत घालायचं, स्प्रिंग जरा नरम करायची, इथवर दोघांचं जमलं होतं. पुढे किती नरम, यावर मामा ओरडत होते आणि भाचाही ओरडत होता. दोघांच्याही आवाजात इतका आनंद होता की कोणी सोडवायला गेलं नाही.

जुळणीच्या खोलीत ताई आपल्या जागी बसली होती. तिच्यापुढे रायफली उघडून पडल्या होत्या. सगळ्यांच्या स्प्रिंगा काढायच्या होत्या. तक्रारबाई कोपऱ्यात उगाचच काहीतरी शोधत होत्या, कारण साहेब इकडे येणार असा त्यांना सुगावा लागला होता.

साहेब आले. दारात घुटमळले. "ताई, कालचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "आज हवं तर घरी जा. विश्रांती घ्या."

ताईने हातातली स्प्रिंग खाली ठेवली. "घरी जाऊन मुलीला काय सांगू साहेब? काल तुम्ही मला अंगणात बोललात. सगळ्यांनी ऐकलं, फाटकाशी तिच्याही कानावर गेलं. आज इथे कुजबुजताय."

साहेब लाल झाले. साहेब वळून बाहेर गेले, आणि थोड्याच वेळात अंगणातून त्यांचा आवाज आला, कालच्याइतकाच मोठा. शाळा सुटायची वेळ झाली होती. ताईची काही चूक नव्हती. मी शहानिशा न करता तिला बोललो. चूक माझी होती. मी तिची माफी मागतो. यंत्रांवरची माणसं खिडक्यांशी आली. मामा आणि भाचासुद्धा भांडायचे थांबले. फाटकाबाहेर दप्तर घेतलेली एक मुलगी टाचा उंचावून आत बघत होती.

साहेब परत आले आणि ताईच्या टेबलासमोर, खिडकीला पाठ करून, उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं," ताई म्हणाली. तिने डोळे पुसले आणि पुढची रायफल जवळ ओढली. "आता जरा बाजूला व्हा साहेब, माझा उजेड अडतोय."

साहेब बाजूला झाले.